पायांची सूज, म्हातारीचा काढा आणि डॉ. विल्यम विदरिंग

संध्याकाळी तुमचे पाय सुजतात, दाबलं की खड्डा पडतो आणि कुणीतरी हमखास एखादा काढा सुचवतं. तो घेण्यापूर्वी डॉ. विल्यम विदरिंग यांच्याविषयी वाचा.

त्यांचा जन्म १७४१ मध्ये इंग्लंडमधल्या वेलिंग्टन गावी झाला. १७६६ मध्ये एडिंबरा येथे ते डॉक्टर झाले. गंमत म्हणजे, विद्यार्थी असताना वनस्पतिशास्त्र त्यांना मुळीच आवडत नसे. पुढे स्टॅफर्डमध्ये हेलेना कुक्स ही फुलांची चित्रं काढणारी तरुणी त्यांची रुग्ण झाली. तिच्यासाठी रानातून रोपं आणता आणता त्यांना गोडी लागली आणि दोघांचं लग्नही झालं.

१७७५ मध्ये श्रॉपशर भागातल्या एका म्हातारीच्या गुप्त काढ्याबद्दल त्यांना विचारण्यात आलं. अंगावर पाणी चढून सुजलेले, डॉक्टरांनी हात टेकलेले रुग्ण त्याने बरे होत. मात्र उलट्या-जुलाबही जोरात होत. काढ्यात विसेक वनस्पती होत्या. त्यातला गुण फॉक्सग्लव्हचा, हे विदरिंग यांनी ओळखलं.

खरं काम त्यानंतरचं. पानं कधी तोडायची, कशी वाळवायची, चूर्ण किती द्यायचं, हे ते दहा वर्षं तपासत राहिले. सुरुवातीला आपण मात्रा जास्त दिली, हे त्यांनी लपवलं नाही. १७८५ च्या पुस्तकात त्यांनी गुण न आलेले रुग्णही नोंदवले. मात्रा जास्त झाली तर वस्तू पिवळ्या-हिरव्या दिसतात, नाडी मिनिटाला ३५ पर्यंत उतरते, मृत्यूही येतो, असा इशारा त्यांनी दिला. हे औषध हृदयावर काम करतं. त्याच जातकुळीतलं डिगॉक्सिन आजही वापरलं जातं.

पण तुमची सूज हृदयामुळेच असेल असं नाही. पायांच्या शिरांतल्या झडपा रक्त वर जाऊ देतात, खाली परतू देत नाहीत. त्या सैल झाल्या की रक्त साचतं. तिथे फॉक्सग्लव्हचा उपयोग नाही, धोका मात्र आहे. या त्रासात हॉर्स चेस्टनटच्या बियांच्या शुद्ध केलेल्या अर्काने थोड्या काळासाठी सूज आणि दुखणं कमी झाल्याचं अभ्यासांत दिसलं आहे. त्याच झाडाच्या कच्च्या बिया मात्र विषारी असतात. गरोदर असाल किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर अर्कही स्वतःच्या मनाने घेऊ नका. चालणं, पाय उंचावर ठेवणं आणि डॉक्टरांनी सांगितलेले घट्ट मोजे हे उपाय आधी करा.

सुजेसोबत धाप लागत असेल तर हृदय आणि मूत्रपिंडाची तपासणी लवकर करून घ्या. एकच पाय अचानक सुजून दुखू लागला, तर रक्ताची गुठळी असू शकते. त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

विदरिंग स्वतः फुफ्फुसांच्या क्षयाने खंगत गेले आणि १७९९ मध्ये बर्मिंगहॅमला वारले. एजबॅस्टनच्या चर्चमधल्या त्यांच्या स्मारकावर फॉक्सग्लव्हचं फूल कोरलेलं आहे.