विज्ञानातून न्यायाकडे जाणारी वाट : डॉ. माग्नुस हिर्शफेल्ड

१४ मे हा दिवस डॉ. माग्नुस हिर्शफेल्ड यांच्या जन्माचा आणि मृत्यूचाही. १८६८ साली प्रशियातील बाल्टिक समुद्रकाठच्या कोलबर्ग या गावी त्यांचा जन्म झाला आणि १९३५ साली, आपल्या सदुसष्टाव्या वाढदिवशी, फ्रान्समधील नीस शहरात परागंदा अवस्थेत त्यांनी देह ठेवला. माणसाचा लैंगिक कल हा स्वेच्छेने निवडलेला दुर्गुण नसून निसर्गाने दिलेली प्रकृती आहे, हे शास्त्राच्या आधारे सिद्ध करण्यासाठी या जर्मन वैद्याने चार दशके वेचली. आज हा विषय आपल्या घराघरांत दबक्या आवाजात का होईना, बोलला जातो. तो मोकळ्या आवाजात बोलण्याची किंमत ज्यांनी प्रथम मोजली, त्यांपैकी हे एक.

हिर्शफेल्ड यांचे कुटुंब ज्यू. वडील हेर्मान हे कोलबर्गचे लोकप्रिय डॉक्टर. गावाने त्यांचे स्मारकही उभारले होते. माग्नुस यांनी आरंभी भाषाशास्त्राकडे ओढ दाखवली, पण लवकरच वैद्यकाची वाट धरली आणि १८९२ मध्ये पदवी मिळवली. काही काळ माग्डेबुर्ग येथे आणि पुढे बर्लिनला लागून असलेल्या शार्लोटेनबुर्ग येथे त्यांनी दवाखाना चालवला.

त्यांच्या आयुष्याला वळण लागले ते एका मृत्यूने. त्यांच्याकडे उपचार घेणाऱ्या एका तरुण लष्करी अधिकाऱ्याने विवाहाच्या पूर्वसंध्येला आत्महत्या केली. पुरुषांविषयीची आपली ओढ प्रयत्न करूनही संपत नाही आणि आई-वडिलांना ती सांगण्याचे धैर्य होत नाही, असे त्याने डॉक्टरांना लिहिलेल्या अखेरच्या पत्रात कळवले होते. आपल्यासारख्यांकडे देशाने अधिक न्यायाने पाहावे यासाठी डॉक्टरांनी काही करावे, अशी त्याची आशा होती. त्याच सुमारास, १८९५ मध्ये, इंग्लंडमध्ये ऑस्कर वाइल्ड यांना सक्तमजुरीची शिक्षा झाली होती. हिर्शफेल्ड स्वतः समलिंगी होते. मात्र ही गोष्ट त्यांनी जाहीरपणे कधी सांगितली नाही. १८९६ मध्ये त्यांनी टोपणनावाने एक पुस्तिका प्रसिद्ध केली आणि १८९७ च्या मे महिन्यात काही सहकाऱ्यांसह ‘वैज्ञानिक-मानवतावादी समिती’ स्थापन केली. विज्ञानातून न्यायाकडे, हे तिचे ब्रीद.

जर्मन दंडसंहितेचे कलम १७५ पुरुषांमधील समलिंगी संबंधांना तुरुंगवासाची शिक्षा ठरवीत असे. तुरुंगापेक्षाही भयंकर होती ती या कलमाच्या आडोशाने चालणारी खंडणीखोरी. कलम रद्द करण्याची मागणी करणारा अर्ज समितीने तयार केला. समाजवादी नेते आउगुस्ट बेबेल यांनी १८९८ मध्ये संसदेत त्याचा पुरस्कार केला. पुढील काळात आल्बर्ट आइनस्टाइन, थॉमस मान, हेर्मान हेस यांच्यासह हजारो मान्यवरांनी त्यावर सह्या केल्या.

हिर्शफेल्ड यांचा युक्तिवाद जीवशास्त्रीय होता. प्रत्येक गर्भ आरंभी स्त्री आणि पुरुष या दोन्ही शक्यता घेऊन वाढतो. त्यामुळे पूर्ण पुरुष आणि पूर्ण स्त्री ही केवळ दोन टोके असून प्रत्यक्ष माणसे त्यांच्या दरम्यान असंख्य छटांमध्ये विखुरलेली असतात, असे त्यांचे प्रतिपादन होते. या विचाराच्या पुष्ट्यर्थ त्यांनी हजारो व्यक्तींच्या मुलाखती घेतल्या, प्रश्नावल्या भरून घेतल्या आणि १९१४ मध्ये हजार पृष्ठांचा ग्रंथ सिद्ध केला. १९०३-०४ मध्ये विद्यार्थी व धातुकामगार यांच्यात केलेल्या पाहणीत समलिंगी कल असलेल्यांचे प्रमाण शंभरात दोनांहून थोडे अधिक आढळले. अशी प्रश्नावली पाठवणे हाच आपला अपमान, असे म्हणत काही विद्यार्थ्यांनी त्यांना न्यायालयात खेचले आणि त्यांना २०० मार्क दंड झाला.

त्यांचे सर्वच निर्णय योग्य होते असे मात्र नाही. १९०७ मध्ये सम्राटाच्या वर्तुळातील कुनो फॉन मोल्टके यांच्या खटल्यात त्यांनी तज्ज्ञ म्हणून साक्ष देताना मोल्टके यांच्या कलाविषयी उघड मत दिले. एखाद्याचे खासगीपण असे चव्हाट्यावर आणल्याने चळवळीचे हितचिंतक दुरावले आणि ज्यूद्वेष्ट्यांना आयते निमित्त मिळाले. दुसरी चूक अधिक गंभीर होती. व्हिएन्नाचे शास्त्रज्ञ ओयगेन श्टायनाख यांनी समलिंगी कलाचे मूळ वृषणग्रंथीत असल्याचे मानून ग्रंथिरोपणाच्या शस्त्रक्रियांना चालना दिली. आपल्या सिद्धान्ताला त्यातून पुरावा मिळेल, या आशेने हिर्शफेल्ड यांनी त्यांचे स्वागत केले. शस्त्रक्रिया निष्फळ ठरल्या. जे जन्मजात आहे त्याला दोष देता येत नाही, हे एक टोक. जे शरीरात आहे ते कापून काढता येईल, हे दुसरे. जीवशास्त्राची तलवार अशी दुधारी आहे, हा धडा त्यांच्याच चरित्रातून मिळतो.

६ जुलै १९१९ रोजी बर्लिनमध्ये त्यांची ‘लैंगिक विज्ञान संस्था’ उघडली. ग्रंथालय, दवाखाना, संग्रहालय, विवाहविषयक सल्ला आणि पारलिंगी व्यक्तींना आश्रय, असे तिचे स्वरूप होते. प्रतिष्ठेबरोबर द्वेषही वाढला. १९२० मध्ये म्युनिकमध्ये त्यांना इतकी मारहाण झाली की त्यांच्या निधनाच्या बातम्या छापून आल्या. स्वतःचे मृत्युलेख वाचण्याचा विलक्षण योग त्यांच्या वाट्याला आला.

१९३० च्या अखेरीस ते जगप्रवासाला निघाले. अमेरिका, जपान, चीन असा प्रवास करत १९३१ मध्ये ते भारतात आले. अलाहाबाद येथे जवाहरलाल नेहरू यांचा पाहुणचार त्यांनी घेतला आणि भारताच्या स्वातंत्र्याविषयी सहानुभूती बाळगली. त्याच काळात मुंबईत र. धों. कर्वे ‘समाजस्वास्थ्य’ मासिकातून लैंगिक प्रश्नांची शास्त्रीय उत्तरे देत होते. १९३४ मध्ये वाचकांच्या शंकांना दिलेल्या उत्तरांबद्दलच त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी त्यांची बाजू मांडली. तरीही कर्वे यांना २०० रुपये दंड भरावा लागला. प्रश्नाला उत्तर देणे हाच गुन्हा ठरण्यात बर्लिन आणि मुंबई यांच्यात अंतर फारसे नव्हते.

हिर्शफेल्ड पुन्हा जर्मनीत परतले नाहीत. ६ मे १९३३ रोजी नाझी विद्यार्थ्यांनी संस्थेवर धाड घातली आणि चारच दिवसांनी ऑपेरा चौकात तिथल्या हजारो ग्रंथांची होळी केली. मिरवणुकीत डॉक्टरांचा अर्धपुतळाही फिरवण्यात आला. पॅरिसमधील एका चित्रपटगृहात, वार्तापटाच्या पडद्यावर, त्यांनी आपल्या आयुष्याची कमाई जळताना पाहिली. कोलबर्गमधील वडिलांचे स्मारकही त्याच वर्षी पाडले गेले. त्यांच्या मृत्यूनंतर काही आठवड्यांतच कलम १७५ अधिक कठोर झाले. ते कायदेपुस्तकातून पूर्णपणे जायला १९९४ साल उजाडले.

त्यांच्या शास्त्रीय सिद्धान्ताचे काय झाले? जुळ्या भावंडांच्या अभ्यासांनी आनुवंशिकतेचा काही वाटा दाखवला. ज्यांना अधिक मोठे भाऊ असतात अशा पुरुषांत समलिंगी कलाची शक्यता किंचित वाढते, हेही दिसले. २०१९ मध्ये सुमारे पावणेपाच लाख व्यक्तींच्या जनुकीय अभ्यासातून कोणतेही एकच जनुक हा कल ठरवत नाही, असे स्पष्ट झाले. अनेक जनुके आणि इतर घटक यांचे मिश्रण त्यामागे आहे. तपशिलात हिर्शफेल्ड चुकले. पण मानवी प्रकृती दोन कप्प्यांत मावत नाही, हे त्यांचे मूळ निरीक्षण टिकून राहिले.

६ सप्टेंबर २०१८ रोजी आपल्या सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांमधील संमतीचे समलिंगी संबंध कलम ३७७ च्या कक्षेतून वगळले. कायदा बदलला, घरातले वातावरण मात्र अद्याप सर्वत्र बदललेले नाही. विवाह जमवताना मुलाच्या किंवा मुलीच्या गप्प राहण्यामागे काय आहे, हे विचारायला आपण आजही कचरतो. एका तरुण अधिकाऱ्याला आई-वडिलांशी बोलता आले नाही, म्हणून एक डॉक्टर आयुष्यभर बोलत राहिला. शास्त्राचा शोध पुढे चालूच राहील. तोवर आपल्या मुलांना आपल्याशी बोलता यावे, एवढे तर आपल्या हाती निश्चितच आहे.