रियासतकारांची टिपणे

दिवाळीआधी माळा आवरताना एक जुनी दोनशेपानी वही हाती लागली. अक्षर माझेच. आत पानिपतावरच्या एका पुस्तकाची टिपणे होती. पण ते पुस्तक वाचल्याचे काही केल्या आठवेना. एवढ्यावर भागले असते तर ठीक. आदल्याच आठवड्यात नातीला मी छातीठोकपणे सांगितले होते, की नानासाहेब पेशवे पानिपतावर पडले. वहीत मात्र स्वच्छ लिहिले होते की, १४ जानेवारी १७६१ रोजी तिथे पडले ते त्यांचे चिरंजीव विश्वासराव. नानासाहेब त्याच वर्षी जूनमध्ये पुण्यात वारले. नातीने माझे उत्तर शाळेत लिहूनही दिले होते!

वही मांडीवर घेऊन बसलो आणि गोविंद सखाराम सरदेसाई आठवले. आपले रियासतकार.

१८६५ साली रत्नागिरी जिल्ह्यातल्या गोवील या खेड्यात ते जन्मले. बी. ए. होऊन १८८९ मध्ये बडोद्यास सयाजीराव महाराजांच्या पदरी वाचक म्हणून लागले. महाराजांना पुस्तके वाचून दाखवायची, राजपुत्रांना शिकवायचे, हे काम. हिंदुस्थानचा सलग इतिहास मराठीत हाताशी नव्हता. तेव्हा शिकवण्यासाठी वाचायचे आणि वाचलेले टिपून ठेवायचे, हा त्यांचा क्रम पडला. टिपणांचा साठा वाढत गेला आणि त्यातूनच १८९८ मध्ये ‘मुसलमानी रियासत’ निघाली. १९०२ पासून ‘मराठी रियासत’ खंडाखंडाने येऊ लागली. पुढे ब्रिटिश रियासतही आली. इतिहासकार व्हायचे ठरवून नव्हे, तर चाकरीतले काम नीट करता करता हा माणूस इतिहासकार झाला.

मला त्याहून मोठी वाटते ती दुसरी गोष्ट. १८९८ पासून राजवाड्यांनी मराठ्यांच्या इतिहासाची साधने छापायला घेतली. खरे, पारसनीस यांचेही कागद बाहेर येत होते. नवा कागद आला, की जुने विधान डळमळायचे. सरदेसायांनी आपल्या छापील शब्दाचा हट्ट धरला नाही. रियासतीचे खंड त्यांनी पुन्हा हाती घेतले, दुरुस्त केले, वाढवले. यदुनाथ सरकारांशी त्यांची मैत्री अर्धशतक टिकली, तीही मुख्यतः पत्रांतून शंका विचारत आणि चुका दाखवत.

१९२५ मध्ये ते निवृत्त झाले आणि पुण्याजवळ कामशेतला राहायला आले. त्याच वर्षी तरुण मुलगा श्यामकांत गेला. साठीत पोचलेल्या बापाने यानंतर लेखणी खाली ठेवली असती, तरी कोणी बोल लावला नसता. पण १९३० ते १९३४ या काळात त्यांनी पेशवे दफ्तरातले मोडी कागद निवडून ४५ खंड संपादित केले. ऐंशी ओलांडल्यावर, १९४६ ते १९४८ मध्ये, मराठ्यांचा इतिहास इंग्रजीत तीन खंडांत नव्याने लिहिला. १९५७ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले आणि १९५९ मध्ये कामशेतलाच ते गेले.

आपण काही रियासत लिहिणार नाही. पण वाचलेले टिपून ठेवले, तरी ते पुन्हा उघडावे लागते आणि चूक दिसली की खोडावे लागते, एवढे तरी त्यांच्याकडून घेता येईल. आता मी उजव्या पानावर टिपण लिहितो, खाली पुस्तकाचे नाव आणि पान क्रमांक टाकतो. डावे पान कोरे सोडतो, पुढे कळणाऱ्या दुरुस्तीसाठी.

नातीला ती जुनी वही दाखवली आणि चूक कबूल केली. तिने शांतपणे वाचले, शाळेच्या वहीतले नाव खोडले आणि मग मला विचारले, की मी तिला आजवर सांगितलेल्या बाकीच्या गोष्टींचे काय?

त्या रात्री आम्ही दोघांनी मिळून वही पहिल्या पानापासून तपासायला घेतली.