मूकपटांचा महागडा नायक

दिवाळीनंतर चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांतील गावोगावी मंडई भरते आणि रात्रभर झाडीपट्टीचे नाटक रंगते. वडसा येथील नाटक मंडळ्या मुंबईच्या एखाद्या चित्रपट कलावंतालाही आणतात. फलकावर ते नाव झळकले की गर्दी वाढते आणि बिदागीचा आकडाही. पडद्यावरील नटाला एवढा पैसा कशासाठी, हा प्रश्न मात्र जुनाच आहे. मास्टर विठ्ठल यांची कारकीर्द त्याचे बरेचसे उत्तर देते.

बालनट म्हणून रंगभूमीवर आलेले विठ्ठल पुढे कोल्हापुरात बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत दाखल झाले. तेथे त्यांच्याकडे संकलनाचे काम होते. 1924 च्या ‘कल्याण खजिना’ या मूकपटात ते पडद्यावर आले ते चक्क नर्तकीच्या वेशात! त्यानंतर मुंबईच्या शारदा फिल्म कंपनीने त्यांना नायक केले. 1926 मधील ‘रतन मंजरी’पासून तलवारबाजी आणि साहसदृश्यांमुळे त्यांचे नाव देशभर झाले. ते भारताचे डग्लस फेअरबँक्स म्हणून ओळखले जाऊ लागले आणि त्या काळातील सर्वाधिक मानधन घेणाऱ्या नटांत त्यांची गणना होऊ लागली.

हे मानधन केवळ श्रमाचे नव्हते. मूकपटाला भाषेची अडचण नसे. पाट्या बदलल्या की तोच चित्रपट कोणत्याही प्रांतात चाले. चित्रपट कसा आहे हे कळण्यापूर्वीच प्रेक्षक तिकीट काढतो ते ओळखीच्या नावावर. अशी नावे मोजकी आणि त्यांच्या मागे धावणारे निर्माते अनेक. मग भाव चढणारच.

अर्देशीर इराणी यांनी ‘आलम आरा’ या पहिल्या भारतीय बोलपटासाठी विठ्ठल यांना घेतले. नायकाच्या भूमिकेसाठी मेहबूब खान यांचेही नाव चर्चेत होते. पण तेव्हा ते अपरिचित होते. विठ्ठल शारदेशी करारबद्ध असल्याने कंपनीने न्यायालयात धाव घेतली. विठ्ठल यांची बाजू बॅरिस्टर मोहम्मद अली जिना यांनी मांडली आणि खटला जिंकला. एका नटाच्या करारासाठी एवढा नामांकित वकील उभा राहावा, यावरून त्या नावाची बाजारातील किंमत लक्षात यावी.

14 मार्च 1931 रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रपटगृहात ‘आलम आरा’ झळकला. गर्दी आवरण्यासाठी पोलीस बोलवावे लागले, चार आण्यांचे तिकीट काळ्या बाजारात चार-पाच रुपयांना गेले. विठ्ठल यांच्या वाट्याला मात्र फारसे संवाद नव्हते. त्यांचे उर्दू उच्चार जमेनात, म्हणून नायकाला बराच वेळ गुंगीतच दाखवण्यात आले होते.

पडदा बोलू लागला तसा भाव गाणाऱ्या, बोलणाऱ्या नटांकडे वळला. विठ्ठल पुढेही अनेक वर्षे हिंदी-मराठी चित्रपटांत दिसत राहिले. भूमिका मात्र लहान होत गेल्या. 1969 मध्ये त्यांचे निधन झाले. ज्या बोलपटासाठी ते न्यायालयात उभे राहिले, त्याची एकही प्रत आज उपलब्ध नाही.