काका बॅप्टिस्टा : एका लोकसेवकाची वाटचाल

महोत्सवाच्या स्मरणिकेत देवळाच्या बांधणीचा, पूर्वीच्या धर्मगुरूंचा व दानशूर घराण्यांचा वृत्तान्त यावा हे योग्यच होय. परंतु ज्यांच्यासाठी देऊळ बांधिले जाते ती माणसे देवळाबाहेर पडल्यावर जगात काय करितात, हाही धर्मग्रामाच्या इतिहासाचाच भाग आहे. आपल्या तरुणांना आज नाना प्रकारचे व्यवसाय खुले आहेत, आणि कोणत्या विद्येने लवकर वर चढता येईल याची चर्चा घरोघरी चालते. वर चढून पुढे काय करावयाचे, याची चर्चा मात्र क्वचितच कानी पडते. म्हणून, आपल्याच कॅथोलिक समाजात जन्मलेल्या, इंजिनियरिंग शिकून बॅरिस्टर झालेल्या, आणि शेवटी मुंबईचे टपालवाले व गिरणीकामगार ज्यांस आपले मानीत अशा एका थोर पुरुषाचे चरित्र वाचकांपुढे ठेवण्याचे आम्ही योजिले आहे. हे पुरुष म्हणजे जोसेफ बॅप्टिस्टा, अर्थात सर्वांचे काका बॅप्टिस्टा.

जोसेफ बॅप्टिस्टा यांचा जन्म दिनांक १७ मार्च १८६४ रोजी मुंबईत माझगाव येथील माथारपाखाडीत झाला. त्यांचे वडील जॉन बॅप्टिस्टा हे मूळचे भाईंदरजवळील उत्तनचे. म्हणजे वसई, साष्टी व धारावी बेटाच्या किनाऱ्यावर पोर्तुगीज अमदानीपासून ख्रिस्ती श्रद्धा जपणारा आणि घरात मराठी बोली बोलणारा जो आपला समाज, त्याच मातीतले हे कुटुंब. त्या काळी या समाजाची स्थिती मोठी विचित्र होती. इंग्रजी राज्यात सरकारी व रेल्वेच्या नोकऱ्यांसाठी निरनिराळ्या ख्रिस्ती समाजांत चढाओढ लागली होती. आपण कंपनी सरकारचे आद्य प्रजाजन आहोत हे ठसविण्यासाठी मुंबई व साष्टीच्या कॅथोलिकांनी १८८७ साली, राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवाच्या वर्षी, ईस्ट इंडियन हे नाव धारण केले. यात त्यांना दोष देण्याचे कारण नाही. पोटाचा प्रश्न सर्वांनाच असतो. परंतु ज्या समाजाने राजनिष्ठेलाच आपली ढाल मानिले होते, त्या समाजातून स्वराज्याचा एक अग्रणी निपजावा, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. समाजाने ते नाव घेतले तेव्हा जोसेफ तेवीस वर्षांचे होते.

माझगावच्या सेंट मेरीज शाळेत त्यांचे आरंभीचे शिक्षण झाले. पुढे ते पुण्याच्या इंजिनियरिंग कॉलेजात गेले. इंजिनियरची विद्या हाती असलेल्या माणसास त्या दिवसांत सरकारी खात्यात मानाची जागा व उतारवयात पेन्शन यांची चिंता नव्हती. तथापि जोसेफ यांचे मन तेवढ्याने भरले नाही. ते विलायतेस गेले, केंब्रिज विद्यापीठातील फिट्झविल्यम येथे राहून त्यांनी राज्यशास्त्राचा अभ्यास केला व पदवी घेतली. ते बॅरिस्टरही झाले. तो काळ आयर्लंडच्या होमरूलच्या प्रश्नाने ढवळून निघालेला होता. ग्लॅडस्टन यांनी १८८६ साली व पुन्हा १८९३ साली आयर्लंडला स्वतःचा कारभार देणारी विधेयके पार्लमेंटात आणिली; पहिले कॉमन्स सभेत पडले, दुसरे लॉर्डांच्या सभेने फेटाळिले. आयरिश लोक बहुतांशी कॅथोलिक. आपला धर्म न सोडता, किंबहुना त्याच्या आधाराने, आपल्या देशाचे हक्क मागता येतात, हे त्या राष्ट्राच्या उदाहरणावरून दिसत होते. आयर्लंडच्या चळवळीचा बॅप्टिस्टांच्या मनावर खोल ठसा उमटला.

मुंबईस येऊन त्यांनी वकिली आरंभिली. अशा विद्वान बॅरिस्टराला बडे अशील मिळणे कठीण नव्हते. पण ज्यांचे वकीलपत्र घेतल्याने सरकारची मर्जी जाते, असे अशीलही त्यांनी दूर लोटिले नाहीत. लोकमान्य टिळक यांच्याशी त्यांचा स्नेह जुळला व तो शेवटपर्यंत टिकला. १९०८ साली लोकमान्यांवर राजद्रोहाचा खटला झाला, तेव्हा त्यांच्या बचावाच्या कामी बॅप्टिस्टा साह्य करीत होते. लोकमान्यांस सहा वर्षांची शिक्षा झाली, आणि मुंबईच्या गिरणीकामगारांनी सहा दिवस काम बंद ठेवून आपले दुःख प्रकट केले. ज्यांना राजकारणातले काही कळत नाही असे शिकलेले लोक समजत, त्या कामगारांनी हे केले! पुढे १९१० साली विनायक दामोदर सावरकर यांच्यावर मुंबईत खटला चालला, त्यातही बचावाच्या वकिलांत बॅप्टिस्टा उभे होते. अशा कामात पैसा थोडा आणि धोका मोठा, हे काही त्यांस ठाऊक नव्हते असे नाही.

वकिलीबरोबरच १९०१ साली ते मुंबईच्या म्युनिसिपालिटीत शिरले व तेथे सतरा वर्षे त्यांनी काम केले. १८९६ साली आलेल्या प्लेगने मुंबईची दैना झाली होती व ती साथ अद्याप ओसरली नव्हती. गटारे, पाणी, चाळींतील दाटी, कचरा, दवाखाने हे प्रश्न सभेपुढे नित्य येत. हे काम दिखाऊ नव्हे. त्यात टाळ्या मिळत नाहीत. अंदाजपत्रकातील आकडे तपासावे लागतात, नकाशे वाचावे लागतात, आणि एका नळासाठी दहा वेळा बोलावे लागते. पुण्यास घेतलेली इंजिनियरची विद्या येथे वाया गेली नसेल, असे आम्हांस वाटते. सार्वजनिक कार्यात पडू इच्छिणाऱ्यांनी ही गोष्ट विसरू नये की, देशाच्या मोठ्या व्यासपीठावर येण्यापूर्वी बॅप्टिस्टा आपल्या शहराच्या गटारांचा व नळांचा हिशेब ऐकत बसले होते.

लोकमान्य १९१४ साली मंडालेहून सुटून आले. आता आयर्लंडच्या धर्तीवर हिंदुस्थानासाठी होमरूलची संघटित मागणी करावी, ही कल्पना बॅप्टिस्टांनी त्यांच्यापुढे आग्रहाने मांडिली होती. एप्रिल १९१६ मध्ये बेळगाव येथे मुंबई प्रांतिक परिषद भरली, त्या वेळी होमरूल लीगची स्थापना झाली. लोकमान्यांनी स्वतः कोणतेही पद घेतले नाही. अध्यक्ष झाले जोसेफ बॅप्टिस्टा व चिटणीस झाले नरसिंह चिंतामण केळकर. ॲनी बेझंट यांची लीग त्यानंतर सप्टेंबरात निघाली. वाचकहो, या निवडीचा अर्थ नीट पाहा. महाराष्ट्र, कर्नाटक, मध्यप्रांत व वऱ्हाड येथे ज्या संस्थेने काम करावयाचे, जिचे बहुतेक सर्व सभासद हिंदू, तिचे अध्यक्षपद माझगावच्या एका कॅथोलिकाकडे आले, आणि एप्रिल १९१७ पर्यंत त्या संस्थेचे १४,००० सभासद झाले. हे पद शोभेचे नव्हते. १९१६ च्या जुलैमध्येच बेळगाव व अहमदनगर येथील होमरूलच्या व्याख्यानांबद्दल सरकारने लोकमान्यांकडून २०,००० रुपयांचा मुचलका व तेवढ्याच रकमेचे जामीन मागितले. हायकोर्टाने नोव्हेंबरात तो हुकूम रद्द केला खरा. पण सरकारची नजर कोठे होती हे सर्वांस समजले. स्वराज्य हा जन्मसिद्ध हक्क होय, ही जी घोषणा लोकमान्यांच्या नावे घरोघरी पोहोचली, तिचे मूळ शब्द बॅप्टिस्टांनी सुचविले असेही सांगतात. शब्द कोणाचेही असोत; ती मागणी कायद्याच्या व संघटनेच्या चौकटीत बसविण्याचे श्रम बॅप्टिस्टांचे होते, आणि तेवढे श्रेय त्यांस पुरेसे आहे.

१९१७ साली लीगतर्फे ते इंग्लंडास गेले. तेथे त्यांनी मजूर पक्षाच्या पुढाऱ्यांशी संबंध जोडून हिंदुस्थानची बाजू त्यांच्यापुढे मांडिली. स्वराज्याच्या प्रश्नाला इंग्लंडातील कामगार वर्गाची सहानुभूती मिळविणे, हा त्यांचा हेतू होता. परत आल्यावर मुंबईत नव्या पक्षाची उभारणी चालू झाली. त्या पक्षाच्या इंग्रजी वर्तमानपत्राचे संपादकत्व स्वीकारावे अशी विनंती त्यांनी पाँडिचेरीस अरविंद घोष यांना पत्राने केली. अरविंदांनी जानेवारी १९२० मध्ये तिला नम्र नकार कळविला. त्याच वर्षी १ ऑगस्टला लोकमान्य निवर्तले, आणि देशाच्या राजकारणाचे सुकाणू महात्मा गांधींच्या हाती गेले. कायदेमंडळांवर बहिष्कार घालावा हे टिळकांच्या पुष्कळ अनुयायांना पटले नाही, बॅप्टिस्टाही त्यांतलेच. मित्र गेला, लाट फिरली, आणि आपला मार्ग आता बहुसंख्यांचा राहिला नाही, अशी वेळ त्यांच्यावर वयाच्या छपन्नाव्या वर्षी आली. अशा वेळी पुष्कळ पुढारी एक तर मन मारून लाटेबरोबर वाहत जातात, नाहीतर घरी बसून काळाला दोष देतात. बॅप्टिस्टांनी या दोहोंपैकी काहीच केले नाही. ते कामगारांकडे वळले.

त्या वेळच्या कामगारांची स्थिती आज सांगितली तर कोणास खरी वाटणार नाही. १९११ च्या कायद्याने कापडगिरणीतील प्रौढ पुरुषास दिवसाला बारा तास काम करावे लागे. १९२२ साली ही मर्यादा दिवसाला अकरा व आठवड्याला साठ तासांवर आली. संघ स्थापन करावा तर त्याला कायद्याचा आधार नव्हता. संप घडवून आणिला म्हणून मालक पुढाऱ्यांवर नुकसानभरपाईचा दावा लावू शकत. हा धोका १९२६ च्या ट्रेड युनियन कायद्याने नोंदणी झालेल्या संघांपुरता दूर झाला. बॅप्टिस्टा त्यापूर्वीच या कामात उतरले होते. मुंबईच्या टपालवाल्यांच्या संघाचे ते अध्यक्ष होते. ३१ ऑक्टोबर १९२० रोजी मुंबईत अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेसची स्थापना लाला लजपतराय यांच्या अध्यक्षतेखाली झाली, तेव्हा उपाध्यक्ष बॅप्टिस्टा होते. पुढील अधिवेशन १९२१ च्या अखेरीस झरिया येथे, कोळशाच्या खाणींच्या मुलखात भरले, आणि त्याचे अध्यक्षस्थान त्यांच्याकडे आले. खाणमालकांचा या अधिवेशनास कडवा विरोध होता. तरीही हजारो खाणकामगार जमले. पुढे १९२३ च्या खाणकायद्याने जमिनीखालील कामास आठवड्याची चौपन्न तासांची मर्यादा घातली व तेरा वर्षांखालील मुलांना खाणीत उतरविण्यास बंदी केली. १९२४ साली जिनेव्हा येथील आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेत हिंदुस्थानच्या कामगारांचे प्रतिनिधी म्हणून बॅप्टिस्टा गेले.

आपल्या वाचकांस ठाऊकच आहे की, पोप तेरावे लिओ यांनी १८९१ सालीच आपल्या परिपत्रकात मजुराला न्याय्य वेतन मिळाले पाहिजे व संघ स्थापण्याचा त्याला नैसर्गिक हक्क आहे, असे जगास बजाविले होते. ते परिपत्रक पुष्कळांनी आदराने वाचिले व कपाटात ठेविले. त्यातील शिकवणुकीस साजेसे काम मुंबईच्या चाळींत व झरियाच्या खाणींपाशी उभे राहून करणारा एक कॅथोलिक गृहस्थ आपल्या समाजात होऊन गेला, ही लहान गोष्ट नव्हे.

१९२२ साली मुंबई म्युनिसिपालिटीच्या कायद्यात सुधारणा होऊन महिना दहा रुपये भाडे देणाऱ्या भाडेकऱ्यांसही मताचा अधिकार मिळाला होता. अशा रीतीने लोकाभिमुख झालेल्या त्या सभेने १९२५ साली बॅप्टिस्टांना आपले अध्यक्ष निवडिले. १९३१ पासून याच पदास मेयर म्हणू लागले व आज आपण महापौर म्हणतो. ज्या सभेत चोवीस वर्षांपूर्वी ते प्रथम आले, तिच्याच सर्वोच्च आसनावर ते बसले. दिनांक १८ सप्टेंबर १९३० रोजी, वयाच्या सहासष्टाव्या वर्षी, त्यांनी देह ठेविला. शिवडीच्या दफनभूमीत त्यांचे थडगे आहे. माझगावच्या भंडारवाडा टेकडीवर पाण्याच्या तलावाच्या माथ्यावरील बागेस त्यांचे नाव दिलेले आहे. संध्याकाळी तेथे हवा खाण्यास जाणाऱ्या किती जणांस ते नाव कोणाचे हे ठाऊक असेल, कोण जाणे.

या चरित्राकडे वरवर पाहिल्यास इंजिनियर, बॅरिस्टर, नगरसेवक, राजकीय पुढारी, कामगारनेता व नगराध्यक्ष अशी पायऱ्यांची रांग दिसते, आणि मनुष्य कसा चढत गेला याचे आपण कौतुक करितो. आम्हांस मात्र त्यात निराळेच दिसते. प्रत्येक पायरीवर त्यांच्या विद्येचा लाभ घेणाऱ्यांचे वर्तुळ मोठे होत गेले. विद्या प्रथम स्वतःच्या उपयोगाची होती; मग ती अशिलाच्या, मग शहराच्या, मग देशाच्या, आणि शेवटी ज्यांना फी देण्याची ऐपत नव्हती अशांच्या उपयोगी पडली. टपालवाल्याने व खाणकामगाराने त्यांस बॅरिस्टरसाहेब म्हणून दूर ठेविले नाही. काका ही पदवी कोणत्याही विद्यापीठात मिळत नाही.

आणखी एक गोष्ट. आपण ख्रिस्ती असल्यामुळे आपल्याला या देशात दुय्यम स्थान मिळेल, अशी भीती पूर्वी आपल्या वाडवडिलांना वाटे, आणि आजही काहींच्या मनात ती घर करून असते. बॅप्टिस्टांनी आपले नाव बदलिले नाही, धर्म झाकिला नाही, आणि स्थान मिळावे म्हणून अर्जही केला नाही. जे काम पुढे आले त्याला त्यांनी खांदा दिला, आणि बरोबर ओझे वाहणाऱ्यांनी त्यांस आपले मानिले. आपल्या धर्मग्रामातील मुले उद्या इंजिनियर, डॉक्टर, व्यापारी, अधिकारी होतील. व्हावीतच, अशी आमची प्रार्थना आहे. परंतु त्यांतील एखादा तरी आपल्या वॉर्डाच्या सभेस जाऊन नळाच्या प्रश्नावर दहा वेळा बोलण्याइतका चिवट निघावा, एखादी तरी कामगाराचा दावा फी न घेता चालवावयास उभी राहावी, एवढीच या महोत्सवाच्या वर्षी आमची परमेश्वरापाशी मागणी आहे.