रँग्लर परांजपे

रँग्लर परांजपे हे नाव बहुतेकींच्या कानावरून गेले असेल. पण रँग्लर हे काही त्यांचे नाव नव्हे. केंब्रिज विद्यापीठात गणितात पहिला वर्ग मिळविणाऱ्यास रँग्लर म्हणतात आणि त्या सर्वांत पहिला येणाऱ्यास सीनियर रँग्लर.

रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे १८७६ साली दापोलीजवळच्या मुर्डी ह्या खेड्यात जन्मले. नात्यातले धोंडो केशव कर्वे, म्हणजे पुढचे महर्षी, हेही गणिताचेच शिक्षक. त्यांनी ह्या हुशार मुलास शिकण्यासाठी मुंबईस आपल्या बिऱ्हाडी ठेवून घेतले. पुढे पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजातून पदवी घेऊन १८९६ साली सरकारी शिष्यवृत्तीवर ते विलायतेस गेले, आणि १८९९ साली एका इंग्रज विद्यार्थ्याच्या बरोबरीने सीनियर रँग्लर झाले. हा मान मिळविणारे ते पहिले भारतीय.

येथे एक गोष्ट आपण बायकांनी ध्यानात ठेवण्याजोगी आहे. त्याआधी नऊ वर्षे, १८९० साली, फिलिपा फॉसेट नावाच्या मुलीने ह्याच परीक्षेत पहिल्या आलेल्या मुलाहून अधिक गुण मिळविले होते. तिला ना तो मान मिळाला, ना पदवी! केंब्रिजने स्त्रियांना पदव्या देऊ केल्या त्या १९४८ साली.

मायदेशी परतल्यावर बड्या पगाराच्या मागे न लागता परांजपे फर्ग्युसन कॉलेजात अल्प वेतनावर शिकवू लागले. १९०२ साली, अवघ्या सव्विसाव्या वर्षी, ते तेथील प्राचार्य झाले. १९१६ साली कर्व्यांनी महिला विद्यापीठ काढले, त्याचे पहिले कुलगुरू परांजपेच. पुढे मुंबई इलाख्याचे शिक्षणमंत्री, लखनौ विद्यापीठाचे कुलगुरू, १९४४ ते १९४७ ऑस्ट्रेलियात हिंदुस्थानचे हायकमिशनर. गणित शिकलेला माणूस फक्त मास्तर होतो असे म्हणणाऱ्यांनी ही यादी पाहावी.

आमच्या सारसोळ्यात दहावी झाली की मुलीचे गणित सुटते. घरचेच म्हणतात, तिला काय करायचे? पण विमा कंपनीत हप्ता किती ठेवावा, उद्या पाऊस किती पडेल, बँकेने कर्ज कोणास द्यावे, हे सारे गणित शिकलेली माणसेच ठरवितात. संगणकाचे कामही त्यावरच चालते.

परांजप्यांनी मात्र आपल्या मुलीस, शकुंतलाबाईंस, केंब्रिजला गणितच शिकविले. १९३७ सालच्या ‘कुंकू’ बोलपटात त्यांनी काम केले, पुढे संततिनियमनाच्या प्रचारास वाहून घेतले. १९६४ साली त्या राज्यसभेवर गेल्या, ते पाहण्यास वडील हयात होते. ६ मे १९६६ रोजी ते वारले.