अटिला
अटिला (मृत्यू: इ.स. ४५३) हा हूण टोळ्यांचा सर्वांत बलाढ्य राजा होता. त्याच्या सत्तेचे केंद्र आजच्या हंगेरीच्या मैदानात होते. युरोपीय परंपरेत तो ‘ईश्वराचा आसूड’ म्हणून ओळखला जातो.

काका रुगा याच्या मृत्यूनंतर इ.स. ४३४च्या सुमारास अटिला व त्याचा भाऊ ब्लेडा गादीवर आले. त्यांनी पूर्व रोमन साम्राज्याकडून मिळणारी वार्षिक खंडणी दुप्पट करून ७०० पौंड सोने केली. पुढे भावाचा काटा काढून अटिला एकटाच राजा झाला. इ.स. ४४७मध्ये त्याने बाल्कन प्रदेश उद्ध्वस्त केला. खंडणीचे व लुटीचे धन सरदारांत वाटून त्याने अनेक जर्मानिक टोळ्या अंकित ठेवल्या. तो स्वतः मात्र लाकडी थाळीत जेवत असे, असे रोमन वकिलातीतील प्रिस्कसने नमूद केले आहे.

इ.स. ४५०मध्ये सम्राट झालेल्या मार्सियनने खंडणी बंद केली. अटिला मात्र पश्चिमेकडे वळला. इ.स. ४५१मध्ये गॉलमधील कॅटालोनियन मैदानावर रोमन सेनापती एटियस व व्हिसिगॉथ राजा थिओडोरिक यांनी त्याला रोखले. या लढाईत थिओडोरिक मारला गेला. पुढील वर्षी अटिलाने इटलीतील अक्विलेया नगर धुळीस मिळवले. परंतु दुष्काळ व रोगराईने त्याचे सैन्य खंगले आणि पोप पहिला लिओ याच्या भेटीनंतर तो माघारी फिरला.

इ.स. ४५३मध्ये इल्डिकोशी झालेल्या विवाहाच्या रात्रीच त्याचा मृत्यू झाला. त्याच्या मुलांत वारसाहक्कावरून कलह माजला. इ.स. ४५४च्या सुमारास अंकित टोळ्यांनी नेडाओच्या लढाईत हूणांचा पराभव केला आणि त्याचे साम्राज्य लयास गेले.