अचूकतेचा उपासक : हेन्री कॅव्हेंडिश

फेब्रुवारी महिना म्हणजे प्रात्यक्षिक परीक्षांचा हंगाम. प्रयोगशाळेत लंबकाची आंदोलने मोजली जातात, व्हर्निअरच्या रेघा डोळे बारीक करून जुळवल्या जातात. आणि उत्तर पुस्तकातल्या आकड्यापासून जरा दूर गेले, की एखादे निरीक्षण खोडून तेथे सोयीचा आकडा लिहिण्याचा मोह विद्यार्थ्यांना होतो. न जुळणारे निरीक्षणही निमूटपणे कागदावर उतरवण्याचे मोल काय असते, हे ज्यांच्या जीवनातून कळते ते थोर इंग्रज शास्त्रज्ञ हेन्री कॅव्हेंडिश यांचे निधन याच महिन्यात, २४ फेब्रुवारी १८१० रोजी झाले.

कॅव्हेंडिश यांचा जन्म १० ऑक्टोबर १७३१ रोजी नीस येथे एका उमराव घराण्यात झाला. ते दोन वर्षांचे असतानाच आई निवर्तली. वडील लॉर्ड चार्ल्स हे स्वतः कुशल प्रयोगकर्ते होते. तापमापकांवरील कामासाठी त्यांना १७५७ मध्ये रॉयल सोसायटीचे कोप्ली पदक मिळाले होते. हेन्री १७४९ मध्ये केंब्रिजला गेले आणि चार वर्षांनी पदवी न घेताच परतले. पुढे वडिलांच्याच सहवासात त्यांची प्रयोगविद्या घडली. १७६० मध्ये ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. आज हायड्रोजन म्हणून ओळखल्या जाणाऱ्या वायूचे गुणधर्म मोजून मांडणारा त्यांचा निबंध १७६६ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्याच वर्षी पित्यापाठोपाठ पुत्रालाही कोप्ली पदक लाभले.

पुढे वारशाने त्यांच्याकडे अमाप संपत्ती आली, पण राहणी साधीच राहिली. स्वभाव कमालीचा संकोची. घरातील मोलकरणींशी बोलावे लागू नये म्हणून ते जेवणाची सूचना चिठ्ठीवर लिहून ठेवत, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. माणसांपासून दूर राहणारे कॅव्हेंडिश उपकरणांच्या सहवासात मात्र रमत. त्या उपकरणांवरही त्यांचा आंधळा विश्वास नव्हता. तापमापकांची तपासणी करण्यासाठी रॉयल सोसायटीने १७७६ मध्ये त्यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. चांगल्या कारागिरांनी बनवलेले तापमापकही उकळत्या पाण्यात दोन-तीन अंश फॅरनहाइटने वेगळी वाचने दाखवत होते. नळी वाफेबाहेर राहिली की तिच्यातला पारा थंड राहतो आणि हवेचा दाब बदलला की उत्कलनबिंदूही सरकतो, ही कारणे समितीने स्पष्ट केली. तापमापक पाण्यात न बुडवता संपूर्ण वाफेत ठेवावा आणि हवेच्या दाबासाठी दुरुस्ती करावी, असे १७७७ च्या अहवालात सुचवले गेले.

हवेच्या बाबतीतही हेच घडले. गावोगावची आणि दिवसागणिकची हवा कमी-अधिक शुद्ध असते, असे त्या काळी मानले जाई. कॅव्हेंडिश यांनी १७८१ मध्ये सुमारे ६० दिवस हवेची परीक्षा केली. त्यांना फरक आढळला नाही. बदलत होती ती हवा नव्हे, तर मोजणाऱ्याची पद्धत. त्यांच्या निरीक्षणांवरून हवेतील ऑक्सिजनचे प्रमाण २०.८३ टक्के येते. आधुनिक आकडा आहे २०.९५.

१७८५ मध्ये त्यांनी हवेत जादा ऑक्सिजन मिसळून विजेच्या ठिणग्या सोडल्या आणि तयार होणारा वायू शोषून घेतला. सगळा नायट्रोजन संपायला हवा होता. पण नळीत एक लहानसा बुडबुडा उरलाच. तो मूळ नायट्रोजनच्या १२०व्या भागाहून अधिक नव्हता. प्रयोगातील किरकोळ दोष म्हणून तो सोडून देता आला असता. कॅव्हेंडिश यांनी त्याचे प्रमाण लिहून ठेवले. शतकभराने लॉर्ड रॅले यांना हवेतून मिळवलेला नायट्रोजन रासायनिक संयुगांतून मिळवलेल्या नायट्रोजनपेक्षा सुमारे अर्ध्या टक्क्याने जड भरताना आढळला. त्यांनी आणि विल्यम रॅम्से यांनी १८९४ मध्ये या फरकामागचा नवा वायू शोधून काढला. तो होता अरगॉन. कॅव्हेंडिश यांच्या नळीत उरलेला बुडबुडा प्रामुख्याने त्याचाच होता.

त्यांचा सर्वांत प्रसिद्ध प्रयोग मात्र साठी उलटल्यावरचा. पृथ्वीची घनता मोजण्याचे उपकरण मुळात त्यांचे मित्र जॉन मिशेल यांनी योजले होते. १७९३ मध्ये मिशेल वारले आणि उपकरण फिरत फिरत कॅव्हेंडिश यांच्याकडे आले. सहा फुटी लाकडी दांडा बारीक तारेने आडवा टांगलेला, त्याच्या दोन टोकांना शिशाचे दोन लहान गोळे. शेजारी प्रत्येकी सुमारे १५८ किलोचे दोन मोठे गोळे आणले, की लहान गोळे त्यांच्याकडे किंचित ओढले जात आणि तारेला पीळ बसे. ही ओढ लहान गोळ्यांच्या वजनाच्या पाच कोटींशाहूनही कमी होती. माणसाच्या अंगच्या उष्णतेने हवा हलली तरी निकाल बिघडला असता. म्हणून उपकरण बंद खोलीत ठेवून ते बाहेरून दुर्बिणीने पाहत. दांड्याच्या टोकाशी असलेल्या मोजपट्टीवर व्हर्निअर होता आणि त्यावर इंचाचा शंभरावा भाग वाचता येई. लोखंडाच्या चुंबकत्वाचा परिणाम होतो का, गोळे तापल्याने हवेचे प्रवाह उठतात का, हे त्यांनी वेगळे प्रयोग करून पडताळले.

१७९८ मध्ये निकाल प्रसिद्ध झाला. पृथ्वी पाण्याच्या ५.४८ पट घन. पहिली तार फार नाजूक वाटल्याने त्यांनी ती बदलून अधिक ताठ तार लावली होती. पहिल्या तारेचे सहा निकाल आणि दुसरीचे तेवीस, दोन्हींची सरासरी ५.४८ च आली होती. यापेक्षा समाधानकारक मेळ कोणता?

पण हा मेळ फसवा होता. १८४० च्या दशकात फ्रान्सिस बेली यांनी हाच प्रयोग पुन्हा करताना मूळ निबंधातील गणित तपासले. पहिल्या सहा निकालांत एक ४.८८ होता. सरासरीत तो ५.८८ धरला गेल्यासारखी चूक झाली होती. ती दुरुस्त करताच पहिल्या तारेची सरासरी ५.३१ वर उतरते आणि सर्व २९ निकालांची ५.४४८ वर. गंमत म्हणजे आधुनिक मूल्य ५.५१ आहे. चुकीच्या बेरजेचे उत्तर खऱ्या सरासरीपेक्षा त्याच्या अधिक जवळ होते. उत्तर जुळले म्हणून गणित बरोबर ठरत नाही, याचे याहून बोलके उदाहरण क्वचितच सापडेल. मेळ बसल्यावर तपासणीची गरज वाटत नाही आणि या दक्ष माणसाच्याही हातून तेच घडले असावे. पण ही चूक सापडली ती त्यांनी एकूण एक निकाल छापला म्हणूनच. केवळ सरासरी दिली असती, किंवा बाकीच्यांशी न जुळणारा ४.८८ हा आकडा गाळला असता, तर ती कायमची दडून राहिली असती.

विजेवरील त्यांचे बहुतेक काम मात्र अप्रकाशित राहिले. विद्युत्भारांतील बल अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असते, हे त्यांनी कूलंब यांच्या आधी पडताळले होते. शिवाय वर्गाचा घातांक दोनपेक्षा एक पन्नासांशाहून अधिक ढळू शकत नाही, अशी स्वतःच्या अनिश्चिततेची मर्यादाही नोंदवली होती. जेम्स क्लर्क मॅक्सवेल यांनी ही टिपणे १८७९ मध्ये प्रसिद्ध केली, तेव्हा जगाला त्यांचे महत्त्व कळले. तोवर इतरांनी ते शोध नव्याने लावले होते. मौनाची ही किंमत विज्ञानाने मोजली.

कॅव्हेंडिश यांचे नाव आज केंब्रिजच्या १८७४ साली उभ्या राहिलेल्या प्रयोगशाळेला आहे. पण त्यांचे खरे स्मारक आहे ते त्यांच्या निकालांचा तो तक्ता. त्यात ४.८८ हा नकोसा वाटावा असा आकडाही जसाच्या तसा उभा आहे.